कागदावरचा गाल

कोव्हेंट गार्डन, लंडन
१० मे १६९७

डल्सी,

हे पत्र मिसेस ग्रोव्हच्या लेसच्या खोक्यातून, झालरींच्या थराखाली दडून तुझ्यापर्यंत येईल, तेव्हा कागदाला कांजीचा वास आला तर नाक मुरडू नकोस. लढाई चालू असताना फ्रान्सला पत्र पाठवणाऱ्याला इथे काय शिक्षा होते ते मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर लिहायचं धाडस झालं नसतं.

आधी कामाचं. तुझ्या चित्राची एखादी छापील प्रत तुझ्याकडे आहे का? तेच, निळ्या सॅटिनमध्ये कोकरू घेऊन बसलेली. रंगीत मूळ चित्र तुमच्या घरादाराबरोबर जप्त झालं, ते आता कुणाच्या दिवाणखान्यात आहे देव जाणे. बॅगलीच्या दुकानाने त्यावरून तांब्याचा पत्रा कोरून जे छाप काढले होते, त्यातला एक आपल्या आईच्या खोलीत होता. तो ओल लागून खराब झाला. झगा, हात, कोकरू सगळं जसंच्या तसं आहे, चेहरा तेवढा गेला.

चेहरा तेवढाच तुझा होता, हेही खरं. आठवतं ना? बो स्ट्रीटला चित्रकाराच्या माडीवर तू दोन सकाळी बसलीस, त्यातली अर्धी वेळ संत्री खाण्यात घालवलीस आणि म्हणालीस, "चेहरा दिला, आता बाकीचं तुमचं तुम्ही बघा." मग तुझा झगा मी चढवला. थोरामोठ्यांच्या बायकांची चित्रं अशीच होतात, मानेखालची बाई वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं. कंबरेला तो झगा मला इतका घट्ट होत होता की मागून टाचण्या मारल्या होत्या. कोकरूसुद्धा खोटं. लोकरीची टोपी गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली होती आणि चित्रकार म्हणायचा, "जरा मायेने बघा त्याच्याकडे." मी टोपीकडे मायेने बघत बसायचे. खालून नारिंगवाल्यांच्या हाका यायच्या, जवसाच्या तेलाचा वास दाटलेला असायचा आणि तू जिन्यावरून डोकावून मला हसवायचीस. मी हलले की ओरडा मला बसायचा.

छाप निघाले तेव्हा खाली लिहिलेलं होतं, 'लेडी थॉर्ली'. आपण दोघी दुकानाच्या खिडकीसमोर उभ्या राहून इतक्या हसलो की एका पाद्र्याने वळून पाहिलं. तुझ्याबरोबरचे ते दिवस मला फार आठवतात. एवढं लिहून मोकळी होते.

आई बरी आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तुझा विषय निघाला की ती शेगडीतले निखारे ढोसायला लागते, त्यामुळे या घरात थंडीत ऊब कमी पडत नाही. तू फ्रान्सला निघालीस त्या डिसेंबरापासून तिने तुझं नाव मात्र घेतलेलं नाही. तू खाली दारात प्रवासाची टोपी घालून उभी, ती वर खोलीचं दार लावून बसलेली आणि मी जिन्यावर, तुझा निरोप वर आणि तिचा खाली. कधी कधी वाटतं, मी अजून त्या जिन्यावरच आहे.

कॉफीहाउसातले लोक म्हणतात यंदा तह होणार. झाला तर तुमच्यासारख्यांना परत यायला परवाना मागता येईल. तुझे यजमान सर एव्हरार्ड वारल्यावर त्या परक्या राजवाड्याच्या सावलीत तुझं काय उरलंय? मागून बघ. रागावू नकोस.

तुझी,
थॉमसिन


२१ जून १६९७

डल्सी,

तुझी चिठ्ठी पोचली. अर्धी चिठ्ठी मिसेस ग्रोव्हच्या लेसला नावं ठेवण्यात गेली आहे. चित्राची प्रत तुझ्याकडे नाही. मग, 'आईने बोलावलं तर येईन. तू बोलावलंस म्हणून नाही.' आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, 'ओल फक्त चेहऱ्यालाच कशी लागली?'

तुझं डोकं अजून जागेवर आहे, हे पाहून बरं वाटलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी बॅगलीचं सांगते. मी सेंट पॉलच्या आवारात गेले होते. मोठं देऊळ अजून बांधताहेत, दगडाच्या भुकटीने टोपी पांढरी होते. बॅगलीच्या खिडकीत बायकांची रांग पहिल्यासारखीच लागलेली आहे. सगळ्या एका आईच्या लेकी वाटतात. तीच अर्धवट झोपेतली नजर, तोच खांद्यावरून निसटायला आलेला झगा, मागे कुठलं तरी झाड. गावाकडचे जमीनदार अख्खा संच घेऊन जातात आणि जिन्याला लावतात. त्यांत तू कुठे दिसेनास. शेवटी एका कोपऱ्यात मला माझे हात दिसले. वर तुझा चेहरा होता, खाली लिहिलं होतं, 'मेंढपाळीण'. खिडकीतलं ऊन खाऊन कागद इतका पिवळा पडलेला की नाक कुठे आणि गाल कुठे ते सांगता येईना.

बॅगली आता चांगला गरगरीत झालाय. तपकीर ओढत म्हणाला, "लेडी थॉर्ली आता चालत नाहीत बाईसाहेब."

"का?"

"त्यांचे यजमान पळाले ना जुन्या राजाबरोबर फ्रान्सला. त्यांना जिन्यात लावलं की पाहुणा विचारतो, साहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? कशाला पाहिजे ती कटकट? मी नाव घासून काढलं, मेंढपाळीण केली. थोडे दिवस खपली. मग लोक म्हणायला लागले, कुठली मेंढपाळीण, कुणाची कोण? चेहरा कुणाला हवा असतो हो, नाव पाहिजे असतं."

"मला एक चांगला छाप हवाय. नाव काहीही असू दे."

"एकही नाही. आणि आता निघायचाही नाही. पत्रा परत कोरणाऱ्या योस्टकडे गेलाय. डोकं बदलायचंय."

मी विचारलं, म्हणजे काय.

"म्हणजे डोकं बदलायचंय. लेडी वेक्सकोम आहेत ना, नवीन लग्न झालंय, नवऱ्याला दरबारात मान आहे, त्यांचं बसवायचं. अंग तेच ठेवणार. सॅटिन झकास उतरलंय, आणि हात तर काय गोड आहेत. असे हात फेकून द्यायचे म्हणजे पाप."

मी माझे हात झग्याच्या घडीत लपवले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कशाचं तरी कौतुक झालं आणि तेही तुझं डोकं उडवताना. हसू की रडू ते कळेना, म्हणून मी योस्ट कुठे बसतो ते विचारलं. तो गावाला गेलाय, महिनाअखेर येईल म्हणे.

आता ओल.

भिंत कोरडी आहे डल्सी. तुझा चेहरा आईने पुसलाय.

चित्राला काच होती, ती तिने फार पूर्वीच काढायला लावली. म्हणाली, काचेत खिडकी दिसते, मेलं काही धड बघता येत नाही. मग रोज सकाळी दुधातली पाव-लापशी झाली की ती भिंतीशी जाते आणि बोटाने तुझा गाल पुसते. मी खोलीत आले की म्हणते, "धूळ किती बसते इथे. दगडी कोळशाने सगळं घर काळं केलंय." या छापांचा काळा रंग फुलपाखराच्या पंखासारखा असतो, बोटाला लागला की गेलाच. आधी गाल गेला, मग ओठ, मग डोळा. आता सॅटिनच्या झग्यावर एक पांढरा डाग आहे आणि ती अजूनही रोज जाऊन तो पुसते. तिचं बोट काळं झालेलं असतं, ते ती शालीखाली घेते.

परवा तिने मला विचारलं, "तो कागद कुठे मिळायचा?" कुठला कागद ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तिने बोलवावं म्हणून तू अडून बसलीस आणि तू गेलीस म्हणून ती. मला नवा छाप हवाय तो एवढ्याचसाठी. तुझा चेहरा समोर धड असला तर कधी ना कधी तिच्या तोंडून तुझं नाव निघेल असं मला वाटतं. त्या पांढऱ्या डागाला ती काय म्हणून हाक मारणार?

थॉमसिन


२ ऑगस्ट १६९७

डल्सी,

योस्ट भेटला. डच आहे, उंच, केस विंचरलेले नाहीत, कामाच्या टेबलावरच मीठ लावलेला हेरिंग मासा आणि कांदा खातो. मी तुझी बहीण म्हणून सांगितलं तर मान हलवली. मी हातमोजे काढले तेव्हा मात्र उठून उभा राहिला.

"ही करंगळी मी ओळखतो," म्हणाला.

सफरचंदाच्या झाडावरून तू मला खाली सोडलंस तेव्हा मोडलेली ती करंगळी. चित्रकाराने ती झग्याच्या चुणीत दडवली होती, पण योस्ट म्हणतो दडवलेली वस्तू कोरणाऱ्याला आधी दिसते. मोठं डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटायचं ही लेडी थॉर्लीची करंगळी. लेडीला झाडावर कोण चढू देतं, असं मनात यायचं."

पत्र्यावर तू अजून होतीस. त्याने माझ्यासमोर शाई भरली, पुसली, ओला कागद ठेवला आणि दाबयंत्राचं चाक फिरवलं. निघालं ते भूत. झगा दिसतो, झाड दिसतं, चेहऱ्याच्या जागी धुकं.

"आईने पुसला तसाच," मी म्हटलं, आणि मग त्याला सगळं सांगावं लागलं.

तो हसला नाही. त्याने आपला काळा तळहात मला दाखवला. "आम्हीही तेच करतो बाई. दर छापाला शाई भरायची आणि तळहाताने पुसायची. उजेड हवा तिथे जास्त पुसायचं. चेहऱ्यावर उजेड सगळ्यांत जास्त. तुमच्या आईने कागदावरची पुसली, आम्ही तांब्यावरची."

मग त्याने मला एक कोरा पत्रा दाखवला. दातेरी हत्यार फिरवून फिरवून तो आधी सगळा खरबरीत करतात. तसा छापला तर कागद नुसता काळाकुट्ट. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडून गुळगुळीत करायचं. काळोखातून कपाळ बाहेर येतं, मग नाकाचा शेंडा. तुलाही त्याने पहिल्यांदा असंच काढलं होतं.

"लेडी वेक्सकोमचं चित्र सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सणाआधी यायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्या बहिणीचं तोंड मला तसंही खरबरीत करायचंच आहे. मधल्या दिवसांत त्याच जागी तिलाच परत काढतो. एक छाप तुम्हाला. मग पुन्हा खरबरीत. बॅगलीला काय, त्याला सणाला डोकं मिळाल्याशी मतलब."

"काढणार कशावरून?"

"तुमच्यावरून. बहिणी आहात. जिथे फरक असेल तिथे सांगा."

म्हणून आता मी मंगळवार-शुक्रवार तिथे जाऊन बसते, खिडकीशी, मान जराशी वळवून. तो बघतो, खरवडतो, पुन्हा बघतो. मी सांगते, तिचं नाक सरळ आहे. तिच्या भुवया उंच आहेत, कुणी काही बोलायच्या आधीच तिला ते खोटं वाटतं अशा. तो म्हणतो, "हं."

काल अडलो तिळापाशी. मी म्हटलं, डाव्या गालावर. त्याने हत्यार खाली ठेवलं. "डाव्या, म्हणजे खऱ्या तिच्या डाव्या की छापातल्या डाव्या? मी पहिल्यांदा घाईत कोरलं होतं, चित्र समोर होतं तसंच पत्र्यावर उतरवलं. छापताना उलटं होतं. माझी लेडी थॉर्ली आरशातली आहे."

मी डोळे मिटून तुला आठवलं, संत्रं सोलताना, जिन्यावरून डोकावताना, दारात टोपी घालून उभी. प्रत्येक वेळी तीळ डाव्या गालावर. मग लक्षात आलं की त्या दारातल्या आठवणीत चित्रातलं कोकरूही तुझ्याजवळ आहे. इतकी वर्षं मी रोज तो कागद बघत आले. मला आता तू आठवतेस की कागद आठवतो तेच मला सांगता येत नाही. ही गोष्ट मनाला फार लागली. तू तिथे जिवंत, धडधाकट, आणि मी इथे तुला उलटी करून ठेवली.

तीळ कुठल्या गालावर आहे ते लिहून पाठव. आरशात बघून लिहू नकोस.

थॉमसिन


१७ सप्टेंबर १६९७

डल्सी,

तहाची बातमी आली. टॉवरच्या किल्ल्यावरून तोफा उडाल्या, सगळ्या देवळांच्या घंटा वाजल्या आणि रस्त्यात पेटवलेल्या शेकोटीत आमच्या घरमालकिणीची जुनी खुर्ची कुणीतरी नेऊन टाकली. आईने खिडकी लावून घेतली. म्हणाली, "एवढा कशाचा आनंद झालाय लोकांना?" मी म्हटलं, "आता फ्रान्समधले लोक परत येऊ शकतील." तिने शेगडी ढोसली. आत निखारा नव्हता, नुसती राख होती.

तुझं उत्तर आलेलं नाही. तिळाचं एका शब्दाचं काम होतं. तू मुद्दाम करतेस की मिसेस ग्रोव्हची खोकी फ्रान्सच्या कॅले बंदरात अडकली आहेत, ते मी ठरवू शकत नाही, म्हणून एक दिवस तुझ्यावर रागावते आणि एक दिवस बंदरावर.

चेहरा पुरा झाला. तीळ योस्टने अंदाजाने उजव्या गालावर घातला. त्याचं म्हणणं, एकदा चुकलो ते उलट केलं की बरोबर होईल. पण त्याला मूळ चित्रही आता नीट आठवत नाही, हे त्यानेच कबूल केलं.

तुला एक सांगते, आणि तू हसणार आहेस. तिथे बसणं मला आवडलं. माझ्याकडे इतका वेळ कुणी कधी बघितलं नव्हतं. आई बघते ती माझी टोपी वाकडी आहे का म्हणून. योस्ट बघायचा ते उजेड कुठे पडतो म्हणून, पण बघायचा तर खरं. बोलणं फारसं नव्हतं. एकदा त्याने अर्धा हेरिंग पुढे केला, मी खाल्ला. बो स्ट्रीटच्या माडीवर टोपीकडे मायेने बघत बसायचे तेव्हा मनात यायचं, माझं डोकं कधी कुणी मागेल का? ते आठवून मी एकटीच हसले तर तो ओरडला, "हलू नका." अगदी तेच शब्द. फक्त जिन्यावर तू नव्हतीस.

आईला सगळा वास येतो. परवा म्हणाली, "तुझ्या बाहीला शाई लागलीय."

"छापवाल्याकडे गेले होते."

"छापवाल्याकडे माणूस एकदा जातं. तू जत्रेला गेल्यासारखी नटून जातेस. कोण आहे तो?"

"डच आहे आई. कोरतो."

"डच," ती म्हणाली. "राजा डच, आता जावईही डच आणा घरात."

मी तोंड फिरवून हसले. जावई हा शब्द तिने वापरला त्यातच मला सगळं मिळालं. बाकी काही नाही त्यात, उगीच मनात इमले बांधू नकोस.

छाप येत्या आठवड्यात निघेल. जीव टांगणीला लागलाय. आईने त्याच्याकडे बघून पुन्हा नुसतीच धूळ पुसली तर मग माझ्याजवळ दुसरा उपाय नाही.

थॉमसिन


९ ऑक्टोबर १६९७

डल्सी,

हे पत्र खोक्यात लपवलेलं नाही. तह झालाय, साध्या टपालाने पाठवते आहे. वाचशील तेव्हा बसून वाच.

योस्टने छाप माझ्या हातात दिला आणि लगेच, माझ्यासमोरच, तो चेहरा पुन्हा खरबरीत करायला घेतला. मी थांबले नाही. मला ते बघवेना. आज बॅगलीच्या खिडकीत लेडी वेक्सकोम माझ्या हातांनी लोकरीची टोपी कुरवाळत बसल्या आहेत आणि लोक घेताहेत. म्हणजे तांब्यावर तू आता कुठे नाहीस. राहिला हा एक कागद.

मी सकाळी आईची लापशी झाल्यावर तिला खिडकीशी बसवलं आणि छाप तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला. मी शेगडीशी उभी राहिले.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तूच सांग."

"सांगू? कपाळ तुझं. हनुवटी तुझी. नाकाला काहीतरी केलंय, ते कुणाचंच नाही. आणि हे तोंड बघ कसं घट्ट मिटलंय, लोकांनी काय मागितलं तर हो म्हणायचं अशा बेतात. ती कधी जन्मात तोंड मिटून बसली?" तिने कागद खाली ठेवला. "ही थॉमसिन आहे. डल्सी अशी दिसत नाही."

मी निखारे ढोसले. मला दुसरं काही करता येईना. नऊ वर्षं मी त्या नावाची वाट बघत होते आणि ते असं आलं, माझ्या तोंडाला नावं ठेवताना.

मग मी विचारलं, "तीळ तरी बरोबर आहे का?"

"उजव्या गालावर. हो. हे एवढं बरोबर आहे." भिंतीवरच्या जुन्या कागदाकडे बघून म्हणाली, "त्या मेल्याने तिथे डाव्या गालावर दिला होता. छाप घरात आला त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होता. तिला न्हाऊमाखू मी घातलं, मला ठाऊक नाही का तीळ कुठे होता ते? ती गेल्यावर वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. म्हणून पुसायला लागले. तीळ गेला. मग हात राहिना."

मी तिच्यापाशी जाऊन जमिनीवर बसले. तिने माझी टोपी सरळ केली.

"मी आंधळी नाही थॉमसिन. पुसून जातंय ते मला दिसत होतं. रोज म्हणायचे, आजचा दिवस, उद्यापासून नाही. सगळा गाल गेला, तरी जायचेच."

"मग तिला बोलाव ना आई."

"ती येईल?"

"तू बोलावलंस तर येईन, असं तिने लिहिलंय."

"तू लिहितेस तिला?" असं तिने विचारलं, आणि मग स्वतःच हसली. "लिहितेसच. घराला उन्हाळाभर लेसच्या कांजीचा वास येतोय, आणि झालर म्हणशील तर एक वीत आली नाही."

मी उठून छाप गुंडाळायला लागले. वाटलं, डल्सी नाही तर आता हा इथे कशाला. पेटीत टाकून द्यावा.

"तो कुठे नेतेस?" ती म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, ही डल्सी नाही."

"नाही म्हणाले. नको कुठे म्हणाले? जुना काढ आणि तो तिथे लाव. जरा वर लाव, माझा हात पोहोचणार नाही असा. काच घाल वर. आता एकीला पुसलं तेवढं पुरे."

मी खुर्चीवर चढून खिळा ठोकला. खालून ती सांगत होती, आणखी वर, आणखी वर. तुला खरं सांगते, मला खिळा नीट दिसत नव्हता. बोटावर हातोडी बसली तीही मोडक्या करंगळीवर नाही, चांगल्या बोटावर.

खाली उतरून मी कागद-दौत घेतली आणि विचारलं, काय लिहू? तिने खूप वेळ बाहेर बघितलं. भाजीवाल्यांच्या गाड्या चालल्या होत्या. मग म्हणाली ते खाली लिहिते. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आहे.

'डल्सी, तुझा चेहरा माझ्याकडे होता तो माझ्याच हातून पुसला गेला. दुसरा आता कुठे मिळत नाही, थॉमसिनने सगळं शहर पालथं घातलं. तो तुझ्याजवळच आहे. परवाना काढ आणि घेऊन ये. त्या दिवशी मी जिना उतरले नाही. आता गुडघ्यांमुळे उतरता येत नाही, तेव्हा तूच वर ये.'

थॉमसिन